किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर: एका सरकारी खरेदीचा अभ्यास

२०१४ च्या उत्तरार्धात उत्तर लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर विक्रीला निघाले. रांगेतले जुने, व्हिक्टोरियन पद्धतीचे घर. क्षेत्रफळ सुमारे २,०५० चौरस फूट, मागणी ३० लाख पाउंडांच्या पुढे. प्रिमरोझ हिलच्या आसपासच्या बाजारात अशी घरे सतत येतात आणि जातात. या घराच्या दर्शनी भिंतीवर मात्र एक गोल निळी पाटी होती. भारतातील सामाजिक न्यायाचे लढवय्ये डॉ. भीमराव रामजी आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत होते, असे ती पाटी सांगत होती.

पुढच्या वर्षभरात महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतले, पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि त्यानंतर त्याचा वापर कायदेशीर ठरायला आणखी सव्वाचार वर्षे गेली. आपल्याकडे या घराची आठवण बहुधा उद्घाटनाच्या छायाचित्रापाशी थांबते. माझ्या मते खरे प्रकरण तिथून पुढे सुरू होते. जुने घर वाचवायचे म्हणजे पैसे उभे करून ते विकत घ्यायचे, असा आपला सर्वसाधारण समज आहे. या घराने तो समज तपासून पाहिला.

वस्ती कशी बदलत गेली

किंग हेन्रीज रोड हे नाव ज्या राजावरून पडले तो सहावा हेन्री. त्याने १४४० मध्ये ईटन कॉलेज स्थापन केले आणि चॅल्कॉट्स म्हणून ओळखली जाणारी ही सगळी जमीन पुढे शतकानुशतके त्या कॉलेजच्या मालकीची राहिली. म्हणूनच इथल्या रस्त्यांची नावे ईटन रोड, फेलोज रोड, प्रोव्होस्ट रोड अशी आहेत. एकोणिसाव्या शतकात कॉलेजने शेतजमीन भाडेपट्ट्याने बांधकामाला दिली. सुखवस्तू कुटुंबे राहायला येतील या हिशेबाने बिल्डरांनी रांगांमागून रांगा उभ्या केल्या.

पण त्याआधीच, १८३७ मध्ये, लंडन ते बर्मिंगहॅम रेल्वे इथून गेली होती. प्रिमरोझ हिलखालून बोगदा आणि चॉक फार्मला इंजिनांची शेड, असा तो पसारा होता. १८४७ मध्ये बांधलेले राउंडहाउस हे इंजिनांचे गोल घर आज संगीत-नाट्याच्या कार्यक्रमांचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे. इंजिनांचा धूर आणि काजळी रुळांलगतच्या रस्त्यांवर बसत राहिली. ज्यांना परवडत होते ती कुटुंबे पुढे उपनगरांकडे सरकली आणि या भागातल्या मोठ्या घरांच्या खोल्या वेगवेगळ्या भाड्याने जाऊ लागल्या.

आंबेडकरांचे इथले वास्तव्य समजून घ्यायचे तर ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी लागते. ज्या वस्तीत २०१५ साली एक चौरस फूट दीड हजार पाउंडांना गेला, त्याच वस्तीत १९२१ साली कर्ज काढून शिकायला आलेला विद्यार्थी राहू शकत होता. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. १९२० मध्ये ते पुन्हा आले तेव्हा हाताशी होती सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज. दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाई. रात्री अभ्यास करताना भूक लागली की भाजलेल्या पापडांवर भागवावे लागे, असे त्यांच्या चरित्रात आले आहे. १९२१ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम.एस्सी., १९२२ मध्ये ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून बॅरिस्टरी आणि त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध विद्यापीठाकडे सादर. किंग हेन्रीज रोडवरचा मुक्काम नेमका या वर्षांतला आहे. भारतीय चलनव्यवस्थेवरचा तो प्रबंध लिहिला जात होता त्या काळातले हे घर आहे.

पुढे वस्तीचे चित्र दोनदा पालटले. साठच्या दशकात अ‍ॅडलेड रोडवरची व्हिक्टोरियन घरे पाडून तिथे चॅल्कॉट्स इस्टेटचे उंच टॉवर उभे राहिले, सरकारी घरांचे. दुसरीकडे १९५६ च्या शुद्ध हवा कायद्याने आणि वाफेची इंजिने बंद झाल्याने धूर गेला, १९६७ च्या कायद्याने जुन्या वस्त्यांना संरक्षित क्षेत्राचा दर्जा देण्याची सोय झाली आणि प्रिमरोझ हिलची उरलेली जुनी घरे हळूहळू श्रीमंतांच्या पसंतीस उतरली. खोल्या-खोल्यांची घरे पुन्हा एकेका कुटुंबाची झाली. कधीकाळी कार्ल मार्क्सचे सहकारी फ्रेडरिक एंगल्स राहत होते तो रीजंट्स पार्क रोड इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आज त्या रस्त्यावर घर घेणे सामान्य लंडनकराच्या आवाक्यात नाही.

खरेदीची धावपळ

घर विक्रीला निघाल्याचे पहिल्यांदा लक्षात आणून दिले ते ब्रिटनमधल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांच्या महासंघाने. त्यांनी महाराष्ट्र सरकारकडे पाठपुरावा सुरू केला. त्यांची चिंता रास्त होती. लंडनमध्ये निळी पाटी हा मान असतो, पण त्या पाटीमुळे घराला कायद्याचे कोणतेही संरक्षण मिळत नाही. नव्या मालकाने पाटी तशीच ठेवली असती, पर्यटकांनी फुटपाथवर उभे राहून छायाचित्रे घेतली असती आणि दाराच्या आत पाऊल ठेवण्याचा हक्क कुणालाच मिळाला नसता. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले त्या हाउली प्लेसवरच्या घराला पाटी आहे. हायगेटच्या क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवर ज्या इंडिया हाउसमध्ये सावरकर राहिले, त्यालाही आहे. आपल्या वाट्याला तिथली फक्त भिंत येते.

महाराष्ट्रात त्या वेळी विधानसभेच्या निवडणुका होत्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये सत्ताबदल झाला आणि जानेवारी २०१५ मध्ये नव्या सरकारने खरेदीला होकार दिला. सामाजिक न्याय विभागाकडे हे काम होते. आता इंग्लंडमधली घरखरेदीची रीत पाहा. मालकाने तोंडी किंवा पत्राने किंमत मान्य केली तरी दोन्ही बाजूंच्या वकिलांनी करारांची देवाणघेवाण करेपर्यंत कुणीही बांधील नसतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर साठेखत होईपर्यंत मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाचे जास्तीचे पैसे घेऊन मोकळा होऊ शकतो, आणि तिथे असे सर्रास घडते. खासगी खरेदीदार हा काळ काही आठवड्यांत संपवतो. सरकारला मंत्रिमंडळाची मान्यता, वित्त विभागाची संमती, परदेशात रक्कम पाठवण्याची परवानगी, लंडनमधला भारतीय उच्चायोग आणि तिथले वकील या सगळ्या टप्प्यांतून जावे लागते. मधल्या काळात व्यवहार हातचा जाणार अशा बातम्या दोन-तीनदा आल्या. तरीही २०१५ च्या सप्टेंबरच्या सुमारास घर ताब्यात आले. किंमत सुमारे ३१ लाख पाउंड, म्हणजे त्या वेळच्या दराने ३० कोटी रुपयांच्या पुढे.

लंडनमध्ये असा व्यवहार करणाऱ्याला किमतीपलीकडे काय मोजावे लागते, याची कल्पना असलेली बरी. डिसेंबर २०१४ पासून तिथल्या मुद्रांक शुल्काचे टप्पे बदलले. त्या टप्प्यांनुसार ३१ लाख पाउंडांच्या राहत्या घरावर सर्वसाधारण खरेदीदाराला सुमारे २ लाख ८६ हजार पाउंड शुल्क पडले असते. वकील, पाहणी अहवाल, विमा, डागडुजी आणि दरवर्षीची देखभाल वेगळी.

एवढा पैसा सामाजिक न्यायाच्या खात्यातून लंडनच्या एका घरावर खर्चावा का, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला आणि तो विचारणे योग्यच होते. वसतिगृहांची आणि शिष्यवृत्त्यांची अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो टाळता येत नाही. माझे मत खरेदीच्या बाजूचे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या परदेशी शिष्यवृत्तीवर महाराष्ट्रातले अनुसूचित जातींचे विद्यार्थी आज लंडनमध्ये शिकतात. त्यांच्यासाठी हे घर म्हणजे शंभर वर्षांपूर्वी त्याच वाटेवरून, त्यांच्यापेक्षा कितीतरी कठीण अवस्थेत चालून गेलेल्या माणसाचा पत्ता आहे. अशी जागा एकदा बाजारात हरवली की पुन्हा मिळत नाही. शिष्यवृत्तीचा पैसा पुढच्या अर्थसंकल्पात वाढवता येतो. हे घर पुढच्या वर्षी विकत घेता आले नसते.

उद्घाटन आधी, परवानगी नंतर

१४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते. बाबासाहेबांच्या सव्वाशेव्या जयंतीचे ते वर्ष होते, पंतप्रधानांचा ब्रिटन दौरा ठरलेला होता, आणि तारीख तिथून ठरली.

इंग्लंडच्या नियोजन कायद्यात प्रत्येक इमारतीचा एक वापरवर्ग असतो. राहते घर एका वर्गात, संग्रहालय दुसऱ्या वर्गात. एकातून दुसऱ्यात जायचे तर स्थानिक कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, परवानगी लागते. मालक कोण आहे, हेतू किती मोठा आहे, आत किती तोडफोड केली, याने फरक पडत नाही. आपल्या सोसायटीतल्या राहत्या सदनिकेत कुणी दवाखाना किंवा शिकवणी सुरू केली की जो वाद होतो, त्याच जातीचा हा प्रश्न. दहा नंबरचे घर राहते घर म्हणून विकत घेतले गेले आणि संग्रहालय म्हणून उघडले गेले. वापरबदलाची परवानगी घेतलेली नव्हती.

त्या रस्त्यावर लोक राहतात. घराला लागून घर आहे. तिथे भारतातून आणि ब्रिटनभरातून माणसे येऊ लागली. शेजारच्या दोन रहिवाशांनी तक्रारी केल्याचे वृत्तपत्रांत आले. आवाज, गर्दी, खासगीपणावर अतिक्रमण, शांत निवासी रस्ता बिघडला, असे त्यांचे म्हणणे होते. या तक्रारींमागे जातीय किंवा वांशिक आकस होता का, यावर आपल्याकडे बरेच बोलले गेले. मला वाटते, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या माणसाला शेजारी संग्रहालय होण्याआधी विचारले जावे, ही अपेक्षा स्वतंत्रपणे न्याय्य आहे. बाबासाहेबांनी आयुष्यभर नियम, प्रक्रिया आणि ऐकून घेतले जाण्याचा हक्क यांचीच बाजू मांडली.

या भागाच्या कॅम्डेन कौन्सिलकडे परवानगीचा अर्ज गेला तो वापर सुरू झाल्यानंतर. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो फेटाळला गेला. मुख्य कारण होते राहत्या जागेची घट. कॅम्डेनच्या २०१७ च्या स्थानिक आराखड्यात, आहेत ती घरे टिकवण्याचे स्पष्ट धोरण होते. राहत्या क्षेत्रफळात निव्वळ घट होईल असा बदल कौन्सिलने रोखावा, असे ते सांगत होते.

महाराष्ट्रात ही बातमी ‘बाबासाहेबांच्या स्मारकाला लंडनमध्ये नकार’ अशी पोहोचली. कौन्सिलचे कारण क्षुल्लक, कागदी वाटले. पण त्याच वस्तीत आदल्या वर्षी काय घडले होते ते इथे सांगितले पाहिजे. जून २०१७ मध्ये लंडनमधल्याच ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीच्या आगीत ७२ माणसे गेली. त्यानंतर तपासणीत चॅल्कॉट्स इस्टेटच्या टॉवरांवरही धोकादायक आवरण सापडले आणि कॅम्डेन कौन्सिलने एका रात्रीत शेकडो कुटुंबांना घराबाहेर काढले. ते टॉवर किंग हेन्रीज रोडच्या मागे, रेल्वेच्या पलीकडे आहेत. या कौन्सिलसाठी ‘एक राहते घर कमी होणे’ हा आकडेमोडीचा विषय नव्हता. घरटंचाईने पिचलेल्या शहरात तो धोरणाचा कणा आहे. बाबासाहेबांचे घर आणि टॉवरमधून बाहेर काढलेल्या कुटुंबांचे घर, दोन्ही एकाच वस्तीच्या हिशेबात होती. कौन्सिलने कायद्यानुसार आपले काम केले, असेच माझे मत आहे, आणि तरीही निकाल पुढे फिरला याचा मला आनंद आहे.

अपील

नकाराविरुद्ध अपील झाले. अशी अपिले साधारणपणे सरकारने नेमलेला नियोजन निरीक्षक स्वतः निकाली काढतो, पण महत्त्वाच्या प्रकरणांत मंत्री निर्णय स्वतःकडे घेऊ शकतो. इथे तसेच झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर सुनावणी झाली. दोन्ही बाजूंना वकील होते, आणि हे घर आमच्यासाठी काय आहे हे सांगायला आंबेडकरी समाजातली माणसे पुढे आली.

कायद्याची चौकट अशी की निर्णय स्थानिक आराखड्यानुसार द्यायचा, परंतु दुसरे वजनदार मुद्दे असतील तर त्यापासून बाजूला जाता येते. आराखड्याच्या विरोधात हे प्रकरण जाते हे उघड होते. मग उरलेला सगळा वाद वजनाचा होता: एका घराची घट एका पारड्यात आणि त्या घरातल्या वास्तव्याचे ऐतिहासिक मोल दुसऱ्या पारड्यात. विटा, जिने, खिडक्या यांचे वारसामूल्य मोजायची इंग्रजी व्यवस्थेला सवय आहे. इथे मोल इमारतीत नव्हतेच. रस्त्यावरच्या तशाच इतर घरांपेक्षा दहा नंबर वेगळे नाही. ते वेगळे होते तिथे राहिलेल्या माणसामुळे, आणि त्या माणसाला मानणारे लाखो लोक हजारो मैल दूर होते. स्थानिक आराखड्यात त्यांच्यासाठी रकाना नव्हता. म्हणून सुनावणीत माणसांनी येऊन बोलणे निर्णायक ठरले, असे मला वाटते.

१२ मार्च २०२० रोजी गृहनिर्माण आणि स्थानिक स्वराज्य मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी अटींसह परवानगी दिली. स्मारक उघडून तोवर चार वर्षे चार महिने झाले होते. त्यानंतर दहा-बारा दिवसांतच कोविडमुळे ब्रिटनमध्ये टाळेबंदी आली.

कुठे चुकले, काय जमले असते

घर वेळेत हाती आले याचे श्रेय लंडनमधल्या कार्यकर्त्यांना आणि निर्णय रेटणाऱ्या सरकारला द्यायलाच हवे. चूक झाली ती क्रमात. साठेखताआधीच कौन्सिलच्या नियोजन अधिकाऱ्यांशी सल्लामसलत करता येते, आणि इंग्लंडमध्ये त्यासाठी रीतसर सोय आहे. परवानगी मिळाल्यावरच खरेदी पूर्ण होईल, अशी अट घालूनही करार करता येतो. अर्थात चढ्या बाजारात विक्रेता अशी अट मानेलच असे नाही, आणि या प्रकरणात घाई खरी होती. पण खरेदी झाल्यावर उद्घाटनाच्या घाईचे एकच कारण होते, ते म्हणजे दौऱ्याची तारीख.

दुसरे, घराचा काही भाग राहता ठेवता आला असता. वरच्या मजल्यावर दोन संशोधक विद्यार्थी राहिले असते आणि खालचे मजले लोकांना पाहायला खुले असते, तर कौन्सिलचा मुख्य आक्षेप बराच बोथट झाला असता. स्मारकालाही ते शोभून दिसले असते, कारण हे घर मुळात एका भाडेकरू विद्यार्थ्याचे आहे.

तिसरे, निवासी रस्त्यावरचे स्मारक चालवायचे कसे याचे चांगले उदाहरण ब्रिटनमध्येच होते. लिव्हरपूलमधले बीटल्स बँडचे पॉल मॅकार्टनी यांचे लहानपणचे घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने १९९५ मध्ये घेतले, पुढे त्याच बँडच्या जॉन लेनन यांचे घरही ट्रस्टकडे आले. दोन्ही साध्या वस्तीत आहेत आणि जगभरातून चाहते येतात. आत जायचे तर आधी नाव नोंदवावे लागते आणि ट्रस्टच्या छोट्या बसमधून लहान गटाने जावे लागते. शेजाऱ्यांना रोज किती माणसे, कोणत्या वेळी येणार हे माहीत असते. किंग हेन्रीज रोडच्या रहिवाशांना हे पहिल्या दिवशी लिहून दिले असते, तर तक्रारींचा सूर वेगळा असता.

हे सगळे लंडनपुरते राहत नाही. परळच्या बीआयटी चाळीतल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेब दोन दशकांहून अधिक काळ राहिले. लंडनच्या घरात ते जेमतेम वर्षभर होते. महाडचा सत्याग्रह, ‘बहिष्कृत भारत’, गोलमेज परिषदेची तयारी हे सगळे परळच्या त्या काळातले आहे. या खोल्यांच्या स्मारकाच्याही घोषणा झाल्या आहेत. परळही बदलते आहे, गिरण्यांच्या जागी टॉवर आले आहेत आणि बीआयटी चाळींच्या पुनर्विकासाचा प्रश्न रहिवाशांसमोर आहे. तिथेही भिंतीला भिंत लावून कुटुंबे राहतात. एका खोलीचे स्मारक करताना शेजारच्या खोलीतल्या माणसाचे घर, त्याचा जिना, त्याचे पाणी आणि पुनर्विकासातला त्याचा हक्क यांचे काय होणार, हे त्याच्याशी बसून आधी ठरवावे लागेल. सामाजिक न्याय विभागाकडे किंग हेन्रीज रोडची संपूर्ण फाइल आहे: किमतीची, तक्रारींची, नकाराची आणि अपिलाची. परळचे काम सुरू करण्यापूर्वी ती फाइल उघडून पहिल्या पानापासून वाचली जावी, अशी माझी त्या विभागाला विनंती आहे.